वुड, हॅड आणि एक बंद दार: इंग्रजी कथेतला उतारा वाचायचा कसा

शब्द सगळे ओळखीचे असतात, डिक्शनरी उघडायचीही गरज पडत नाही, आणि तरी उतारा कळत नाही. इंग्रजी शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे कधी ना कधी होतं. बातमी वाचता येते, ईमेल लिहिता येतो, मीटिंगमध्ये बोलता येतं, पण एखादी कथा हातात घेतली की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला गाडी अडते आणि मग वाटतं की आपली व्होकॅब्युलरी कमी पडते. माझ्या मते बहुतेक वेळा अडचण तिथे नसतेच. अडचण असते वुड, हॅड, अ, द, देन, बट असल्या बारक्या शब्दांत, जे आपण पाचवी-सहावीत शिकलो आणि त्यानंतर कधी नीट बघितले नाहीत.

समजावून सांगायला मी स्वतःच एक छोटा उतारा लिहिलाय. मोठ्याने वाचा, एकदा, न थांबता.

"द डोअर वुड नॉट ओपन. ही पुश्ड अगेन. शी हॅड लॉक्ड इट, देन. ऑफ कोर्स शी हॅड. हॅड ही नॉट टोल्ड हर, ओन्ली लास्ट नाइट, दॅट ही वुड नेव्हर कम बॅक? समव्हेअर इनसाइड अ क्लॉक वॉज स्ट्रायकिंग. ऑन समर ईव्हनिंग्ज दे वुड सिट हिअर, द टू ऑफ देम, नॉट टॉकिंग."

यात एकही अवघड शब्द नाही. पण वुड तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा आहे.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं की वुड म्हणजे विलचा भूतकाळ, झालं. तेवढ्यावर पहिलं वाक्य लावायला गेलं तर "दार उघडणार नव्हतं" असं काहीतरी निघतं, आणि ते वाक्य मराठीत कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो "दार उघडेना". बास, हाच तो वुड नॉट. माणूस प्रयत्न करतोय आणि समोरची वस्तू ऐकत नाहीये, जणू तिला स्वतःची मर्जी आहे. "द डोअर डिड नॉट ओपन" म्हटलं असतं तर नुसती माहिती मिळाली असती, दार उघडलं नाही. वुड नॉट म्हटल्यावर त्यात झटापट आली, त्या माणसाचा वैताग आला, आणि अजून बाईचं नावही आलेलं नसताना नकार आला. "गाडी सुरू होईना", "पोर जेवेना", "झोप येईना" ही सगळी वाक्यं मनात आणा, म्हणजे हा वुड नॉट पुन्हा कधी चुकणार नाही.

दुसरा वुड "ही वुड नेव्हर कम बॅक" मधला. हा खरोखर विलचा भूतकाळ आहे, म्हणजे बोलताना तो "आय विल नेव्हर कम बॅक" असं बोलला होता आणि ते भूतकाळातल्या गोष्टीत बसवताना विलचा वुड झाला.

तिसरा शेवटच्या वाक्यात, "दे वुड सिट हिअर". इथे ना नकार आहे ना भविष्य. हा आपला रीतिभूतकाळ. दोघं इथे बसत. बोलण्यात आपण म्हणू दोघं इथे बसायची. जुन्या मराठी कथांमध्ये "तो येई, ओसरीवर बसे, कुणाशी बोलत नसे" असं असतं ना, तेच. एकदाची घटना नाही, पुन्हापुन्हा घडायची अशी गोष्ट, आणि बहुतेक वेळा आता घडत नाही अशी. ओळखायचं कसं, तर आजूबाजूला वेळेचा असा शब्द बघायचा जो एका दिवसाला चिकटलेला नाही. "ऑन समर ईव्हनिंग्ज" मध्ये अनेकवचन आहे, एक संध्याकाळ नाही, उन्हाळ्यातल्या कितीतरी संध्याकाळी. ते शेवटचं ज, म्हणजे अनेकवचनाचा एस, वाचताना सुटला की वुडही चुकतो.

म्हणजे बघा, सात वाक्यांत एकच शब्द आत्ताचा नकार, कालची धमकी आणि जुनी सवय अशा तीन काळांतून फिरून आला. व्याकरण बाजूला ठेवून अर्थ लावू म्हटलं तर हे दिसणारच नाही.

आता हॅड. "शी हॅड लॉक्ड इट" सोपं आहे, दार ढकलायच्या आधीच कुलूप लागलं होतं. "ऑफ कोर्स शी हॅड" इथे लॉक्ड इट खाल्लंय, इंग्रजीत असं खातात. खरा घोळ होतो तो "हॅड ही नॉट टोल्ड हर" या ठिकाणी, कारण हॅडने सुरू होणारं वाक्य दोन प्रकारचं असू शकतं. एक प्रश्न, "सांगितलं नव्हतं का त्याने?" आणि दुसरा इफ गिळलेलं वाक्य, "त्याने सांगितलं नसतं तर". "हॅड ही नॉट टोल्ड हर, शी वुड हॅव वेटेड" असं असतं तर अर्थ झाला असता, त्याने सांगितलं नसतं तर ती थांबली असती. दोन्हींची सुरुवात अक्षराला अक्षर सारखी. फरक कळतो तो वाक्याच्या शेवटी, तिथे प्रश्नचिन्ह आहे की पुढे वुड हॅववालं दुसरं अर्धं वाक्य येतंय यावरून. म्हणून अशा ठिकाणी अर्ध्यात अर्थ ठरवून टाकायचा नाही, डोळा शेवटपर्यंत जाऊ द्यायचा आणि मग परत यायचं. आणि हा प्रश्न काही माहिती विचारणारा प्रश्न नाही. "सांगितलं नव्हतं का" म्हणजे सांगितलं होतंच की! नकारार्थी प्रश्नाचं काम दोन्ही भाषांत तेच आहे.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, आणि इथे मराठी वाचक हमखास फसतो.

"शी हॅड लॉक्ड इट, देन." हे कोण बोलतंय? लेखक आपल्याला माहिती देतोय का? नाही. ते देन बघा. इथे देन म्हणजे "मग" किंवा "त्यानंतर" नाही, इथे तो अंदाज बांधणारा देन आहे. दार ढकललं, उघडलं नाही, परत ढकललं, आणि त्याच्या डोक्यात आलं, "म्हणजे कुलूप लावलंय तिने." हे त्या माणसाच्या मनातलं वाक्य आहे. पण अवतरणचिन्हं नाहीत, "ही थॉट" नाही, आणि वर माणसाला ही आणि बाईला शी म्हटलंय, म्हणजे बाहेरून बघितल्यासारखं. मन त्याचं, पण काळ आणि सर्वनामं कथा सांगणाऱ्याची. या पद्धतीला इंग्रजीत फ्री इनडायरेक्ट स्टाइल म्हणतात. चार्ल्स बॅली या स्विस भाषाशास्त्रज्ञाने १९१२ साली फ्रेंचमध्ये तिला नाव दिलं, पण लेखक ती त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते, जेन ऑस्टिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ती सफाईने वापरते.

आपल्याला हे का दिसत नाही त्याचं कारण मराठीच्या घडणीत आहे. "ही सेड ही वॉज टायर्ड" याचं सरळ मराठी काय? "तो म्हणाला की मी दमलोय." आपण दुसऱ्याचं बोलणं सांगतानाही त्याचाच काळ ठेवतो, बऱ्याचदा त्याचा "मी" सुद्धा ठेवतो. इंग्रजीत मात्र म्हणाला भूतकाळात गेला की त्याच्या मागची सगळी क्रियापदं एक पायरी मागे सरकतात, ऍमचा वॉज, विलचा वुड, हॅजचा हॅड. परीक्षेत डायरेक्ट-इनडायरेक्ट करताना आपण ती सरकवत बसायचो, पण ते सरकवणं कशासाठी हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आता कथेत लेखकाने "ही थॉट" हे शब्दच काढून टाकले आणि सरकलेली क्रियापदं तेवढी ठेवली, तर आपल्याला वाटतं साधं भूतकाळी निवेदन चाललंय. तसं नसतं.

मग ओळखायचं कशावरून? खुणा असतात. ऑफ कोर्स, देन, शुअरली, परहॅप्स असे मनाशी बोलताना येणारे शब्द. उत्तराची अपेक्षा नसलेले प्रश्न. उद्गार. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे जवळची वेळ सांगणारा शब्द दूरच्या काळात येणं. आपल्या उताऱ्यात "लास्ट नाइट" आहे. नियमाप्रमाणे भूतकाळातल्या गोष्टीत ते "द नाइट बिफोर" व्हायला हवं होतं. लास्ट नाइट म्हणजे "काल रात्री", आणि काल कोणाचा? आज ज्याचा आहे त्याचाच काल. ती कथा वाचणाऱ्याचा किंवा लिहिणाऱ्याचा काल नाही, दारापाशी उभ्या असलेल्या माणसाचा काल आहे. त्या एका शब्दाने आपण त्याच्या डोक्यात जाऊन बसतो. "हिअर" चंही तेच, नियमाने "देअर" व्हायला हवं होतं. आणि "ओन्ली लास्ट नाइट" मधला ओन्ली म्हणजे आपला च, "कालच तर".

मला वाटतं मनातली वाक्यं मराठीत आणताना तो मागे सरकवलेला काळ परत जागेवर आणावा, म्हणजे "तिने कुलूप लावलं होतं तर" पेक्षा "म्हणजे कुलूप लावलंय तिने". वही घेऊन असं करून बघा, कुठलं वाक्य माणसाचं आणि कुठलं निवेदकाचं हे आपोआप वेगळं होतं. "ही पुश्ड अगेन" निवेदकाचं, ते "त्याने परत ढकललं" असंच राहतं, त्याला "ढकललंय" करून बघा, बसतच नाही.

आता एक बारीक गोष्ट, "अ क्लॉक". अ आणि द आपल्याकडे नाहीत म्हणून आपण ते डोळ्याआड करतो, पण काम तर आपणही करतोच. "एका गावात एक म्हातारा राहायचा. तो म्हातारा रोज..." पहिल्यांदा एक, दुसऱ्यांदा तो. इंग्रजीतही अ म्हणजे नवीन ओळख, द म्हणजे तुला माहीत असलेला. उताऱ्याची सुरुवातच "द डोअर" ने झालीय, म्हणजे दार ओळखीचं आहे असं गृहीत धरून आपल्याला एकदम मधेच उभं केलंय. मग घड्याळाला अ का? हा माणूस उन्हाळ्याच्या संध्याकाळी इथे बसायचा, घर त्याला माहीत आहे, घड्याळही माहीत असायला हवं. "द क्लॉक वॉज स्ट्रायकिंग" असतं तर नेहमीचं घड्याळ, नेहमीचे टोले. "अ क्लॉक" म्हटल्यावर ते कुठलंतरी घड्याळ झालं. एका अक्षराने ते घर त्याला परकं करून टाकलं. हे मी ओढूनताणून लावतोय असं वाटेल, पण अ च्या जागी द घालून वाक्य परत वाचा आणि काय कमी होतं ते बघा. शब्द बदलून बघायची ही युक्ती मी सगळीकडे वापरतो, वुड नॉटच्या जागी डिड नॉट घातलं होतं तेव्हाही तीच वापरली. लेखकाने दुसरं काय लिहिलं असतं हे समोर ठेवल्याशिवाय त्याने जे लिहिलंय त्याची किंमत कळत नाही.

लांब वाक्यांचं काय, हे विचारणारे खूप असतात. हे घ्या, हेही माझंच आहे:

"द लेटर विच द मॅन हर ब्रदर हॅड वन्स कॉल्ड अ थीफ हॅड कॅरिड थ्रू थ्री विंटर्स ले अनओपन्ड ऑन द टेबल."

पहिल्या वाचनात हे गरगरतं. कर्ता, कर्ता, कर्ता आणि मग क्रियापद, क्रियापद, क्रियापद. अशा वेळी अर्थाच्या मागे लागायचंच नाही, आधी क्रियापदं मोजायची. हॅड कॉल्ड, हॅड कॅरिड, ले. तीन. म्हणजे कर्तेही तीन असणार: लेटर, मॅन, ब्रदर. आता जोड्या आतून बाहेर लावायच्या, सगळ्यात शेवटी आलेला कर्ता सगळ्यात आधी आलेल्या क्रियापदाचा. भावाने म्हटलं, माणसाने बाळगलं, पत्र पडलं होतं. झालं, सांगाडा मिळाला. "मॅन" आणि "हर ब्रदर" यांच्यामध्ये एक हूम गायब आहे, इंग्रजी तो सर्रास गाळते, दोन नामं शेजारी-शेजारी येऊन टक्कर झाल्यासारखी वाटली की तिथे गाळलेला हूम किंवा दॅट शोधायचा. आणि तो ले म्हणजे ठेवणारा ले नाही, लाय या क्रियापदाचा भूतकाळ आहे, पडलेलं असणं.

मराठीत: ज्याला तिच्या भावाने एकदा चोर म्हटलं होतं त्या माणसाने तीन हिवाळे जवळ बाळगलेलं ते पत्र टेबलावर न उघडताच पडलं होतं. आपलं मराठी वाक्य इतकं जड वाटत नाही, कारण जो-तो आपण आधी उरकून घेतो आणि मग नामाकडे येतो. इंग्रजी नाम आधी टाकते आणि वर्णन त्याच्या मागून जोडते. मुख्य क्रियापद आपल्याकडे शेवटी येतंच, त्याची आपल्याला सवय आहे, म्हणून इंग्रजी लेखकाने मुद्दाम क्रियापद शेवटापर्यंत लांबवलं तर त्यात काही विशेष आहे हे आपल्या लक्षात येत नाही. इंग्रज वाचक मात्र तिथे श्वास रोखून असतो.

याच्या उलटी गंमत चार्ल्स डिकन्सच्या "ब्लीक हाउस" मध्ये आहे. ही कादंबरी १८५२-५३ मध्ये दर महिन्याला भागाभागाने छापली गेली. तिच्या सुरुवातीच्या परिच्छेदांत बहुतेक मुख्य वाक्यांना पूर्ण क्रियापदच नाही. पहिलं वाक्य म्हणजे नुसतं शहराचं नाव, लंडन, आणि पूर्णविराम. पुढे "फॉग एव्हरीव्हेअर". आता याचं मराठी करा, "सगळीकडे धुकं". मराठीत ते अगदी साधं, रोजचं वाक्य आहे, त्यात काही राहिलंय असं कुणाला वाटणार नाही. पण इंग्रजीत क्रियापद नसलेलं वाक्य म्हणजे मोडलेलं वाक्य, आणि तशी एकामागून एक आली की वाचणाऱ्याला वाटायला लागतं की इथे काही घडतच नाहीये, काळ पुढे सरकतच नाहीये. ज्या कोर्टात एक खटला वर्षानुवर्षं रखडलाय त्याची ही गोष्ट आहे, तेव्हा क्रियापद का काढलं हे वेगळं सांगायला नको. मराठी कानाला ही कमतरता जाणवतच नाही म्हणून इथे मुद्दाम थांबून क्रियापद शोधावं लागतं. वुड नॉटच्या वेळी मराठीने हात दिला होता, इथे तीच मराठी आपल्याला झोपवते.

अजून एक जागा जिथे हात देते ती पटकन सांगतो. "द रेन हॅविंग स्टॉप्ड, ही वॉक्ड आउट." इथे पाऊस थांबला आणि तो बाहेर पडला, दोन वेगळे कर्ते. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर "रामे वनं गते" आठवा, सतिसप्तमीच आहे ही. मराठीत "पाऊस थांबल्यावर". आणि "हॅविंग ईटन, ही स्लेप्ट" मध्ये कर्ता एकच, म्हणून "जेवून झोपला". क्रियापदाला "-ऊन" लागतंय की "-ल्यावर" लागतंय एवढं बघितलं तरी कोणी काय केलं याचा गोंधळ जातो.

जुन्या पुस्तकांत ओळखीचे शब्दच दगा देतात. "ही वॉज बट अ चाइल्ड" मध्ये बट म्हणजे पण नाही, "फक्त". वाक्याच्या मधे स्वल्पविरामानंतर आलेला फॉर बहुतेक वेळा "कारण". "ऑल सेव्ह वन" म्हणजे एक सोडून सगळे. "फॉर वाँट ऑफ मनी" म्हणजे पैशाच्या इच्छेने नाही, पैशाच्या अभावी. "प्रेझेंटली" म्हणजे सध्या नाही, "थोड्या वेळाने". ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी यासाठीच मोलाची आहे, तिचा पहिला भाग १८८४ ला निघाला आणि पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं, आणि तिच्यात एकेका शब्दाचे अर्थ कुठल्या साली कोणी कसे वापरले त्या दाखल्यांसकट दिलेत.

शेक्सपिअरच्या "रोमिओ अँड ज्युलिएट" मधली, १५९७ साली पहिल्यांदा छापलेल्या नाटकातली, ती प्रसिद्ध ओळ घ्या. "व्हेअरफोर आर्ट दाउ रोमिओ?" लोक समजतात ती त्याला शोधतेय, "कुठे आहेस तू रोमिओ". व्हेअरफोर म्हणजे कुठे नाही, व्हेअरफोर म्हणजे का. "तू रोमिओच का आहेस?" म्हणजे दुसऱ्या कुठल्या घराण्याचा का नाहीस. लगेच पुढे ती त्याला बापाचं नाव टाक म्हणते, ते "कुठे" घेतलं तर जुळतच नाही. आणि दाउ म्हणजे तू. त्या काळच्या इंग्रजीत दाउ आणि यू दोन्ही होते, यू म्हणजे तुम्ही, अनेकांना आणि मानाने बोलताना. पुढे दाउ रोजच्या बोलण्यातून गेला आणि यू एकटा उरला. आजच्या इंग्रज मुलाला हा फरक शिकवावा लागतो, आपल्याला तो जिभेवरच आहे, अहोजाहो करणारा माणूस मधेच अरेतुरेवर आला की काय होतं हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. जुनी नाटकं वाचताना यूचा दाउ कुठे होतो तिथे पेन्सिलीने खूण करत चला, भांडण किंवा प्रेम बऱ्याचदा तिथेच सुरू झालेलं असतं.

परत आपल्या दारापाशी येतो, कारण शेवटचे दोन शब्द राहिलेत, "नॉट टॉकिंग". दोघं इथे बसायची, न बोलता. हे न बोलणं कसलं? इतकी जवळची माणसं की बोलायची गरजच नव्हती, की बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं? व्याकरण इथवर आपल्याला घेऊन आलं, कुलूप कोणी लावलं, धमकी कोणी दिली, काल म्हणजे कधीचा काल, कुठलं वाक्य कोणाच्या मनातलं, हे सगळं त्याने नक्की करून दिलं आणि चुकीचे चार अर्थ बाद केले. पण नॉट टॉकिंगला काळ नाही, कारण नाही, विशेषण नाही. मी ते सुखाचं गप्प बसणं समजतो, कारण दार उघडत नसताना त्याला तीच संध्याकाळ आठवली. माझ्याबरोबर हा उतारा वाचणाऱ्या एका मैत्रिणीने अगदी उलटं लावलं, ती म्हणाली "द टू ऑफ देम" नंतर स्वल्पविराम आहे, तिथे वाक्य थबकतं, आणि थबकून मग न बोलणं येतं, ते सुखाचं नाही. मी तो स्वल्पविराम काढून परत वाचलं. थबकणं गेलं, पण माझा अर्थ काही बदलला नाही, आणि तिचाही बदलला नाही.